गड्डा, कंद, बेणे : नांदेड-लातूरकडील जमिनीखालच्या पिकांचे शब्द

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत जमिनीखाली वाढणाऱ्या पिकांसाठी आणि त्यांच्यापासून होणाऱ्या पदार्थांसाठी जे शब्द वापरले जातात, ते एका भाषेच्या अंगणात घडलेले नाहीत. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तालुक्यांच्या शिवेला तेलुगूची शीव लागते. उदगीर, देवणी, निलंग्याच्या पलीकडे बीदरची कन्नड आहे. नांदेड आणि लातूरच्या बाजारपेठांत दखनी-उर्दू निजामाच्या काळापासून रुळली आहे. किनवट-माहूरच्या डोंगरांत गोंडी आणि कोलामी या द्रविड कुळातल्या भाषा, तर तांड्यातांड्यांवर बंजाऱ्यांची गोरबोली बोलली जाते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. 1956 मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. लातूर जिल्हा तर 1982 चा. राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या या रेषा अलीकडच्या आहेत. बाजारहाट, सोयरिकी आणि सालगड्यांची ये-जा यांच्या वाटा त्याहून जुन्या, आणि शब्द त्याच वाटांनी आले-गेले.

या शब्दांचा विचार करताना पहिला प्रश्न येतो तो वर्गीकरणाचा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मुळा, गाजर, बीट आणि रताळे ही खरी मुळे. हळद आणि आले म्हणजे जमिनीखाली आडवे वाढणारे खोड. कांदा-लसूण म्हणजे मांसल पानांचे कंद. बटाटा ही खोडाचीच फुगलेली गाठ. अळू आणि सुरण यांचे गड्डे आणखी वेगळ्या जातीचे. भुईमूग यांपैकी कशातच बसत नाही, कारण ती मातीत शिरून पोसलेली शेंग आहे. शेतकऱ्याला हे भेद ठाऊक नसतात असे नाही, पण त्याची विभागणी वेगळ्या प्रश्नावर उभी असते : पुढच्या वर्षी जमिनीत पुन्हा काय घालायचे? मुळा आणि गाजर यांचे बी पेरतात. कांद्याचे रोप लावतात. लसणाच्या कुड्या टोचतात. रताळ्याच्या वेलाचे तुकडे लावतात. हळद आणि आले यांचे बेणे ठेवतात, उसाचे ठेवतात तसेच. अर्धापूरकडच्या केळीच्या बागेत कंद किंवा मुनवे लागतात. बी, रोप, कुडी, वेल, बेणे, कंद, मुनवा या सात शब्दांत या पिकांचे एक संपूर्ण शास्त्र आहे, आणि पाठ्यपुस्तकातल्या वर्गीकरणापेक्षा रोजच्या कामाला ते अधिक उपयोगी पडते.

या सगळ्यांवर पसरलेला सामान्य शब्द म्हणजे गड्डा. कांद्याचा गड्डा, लसणाचा गड्डा, हळदीचा गड्डा; जमिनीवर वाढणाऱ्या कोबीलाही तो चालतो. हा शब्द एकट्या मराठीचा नाही. तेलंगणात कांद्याला उल्लिगड्डा, लसणाला एल्लिगड्डा आणि बटाट्याला आलुगड्डा म्हणतात. उत्तर कर्नाटकात कांदा म्हणजे उळ्ळागड्डी आणि बटाटा म्हणजे आलूगड्डे. धर्माबादच्या बाजारात तेलुगू बोलणारे गिऱ्हाईक आणि मराठी बोलणारा विक्रेता यांच्यात काही अडत नाही, त्याला शब्दाचा हा शेवटचा तुकडाही कारण आहे : आधीचा भाग बदलतो, गड्डा तोच राहतो. पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो भाषेत ‘जी’ हा शब्द असेच काम करतो. तो मुळात तिथल्या यामचा, म्हणजे मोठ्या वेलकंदाचा. पण बाहेरून आलेल्या कंदांच्या नावांतही तोच पुढे जोडला जातो. तिकडे यामची प्रतिष्ठा इतकी, की बाकीचे कंद त्याचे नातेवाईक ठरले. इकडे गड्ड्याला तशी प्रतिष्ठा नाही. तो केवळ आकार सांगतो, आणि म्हणूनच कोणत्याही पिकाला जोडता येतो.

पिकांची नावे मात्र आकाराइतकी सरळ नाहीत. नवे पीक आले, की त्याला जुन्या पिकाचे नाव मिळते आणि पुढच्या पिढीला जुने पीक आठवतही नाही. रताळे हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. संस्कृतातील रक्तालु म्हणजे लालसर गराचा एक वेलकंद. गुजरातीत रताळू हे नाव अजूनही त्याच जातीच्या जांभळ्या कंदाला आहे, आणि तो उंधियूत पडतो. अमेरिकेतून गोड कंद आल्यावर मराठीने ते नाव त्याला दिले. तेलुगूतही असेच घडले. आंध्रच्या किनारी भागात कंद म्हणजे सुरण, पण नांदेडला लागून असलेल्या तेलंगणात कंदगड्डा म्हणजे रताळे. सीमेपलीकडचा शब्द मराठी माणसाला ओळखीचा वाटतो, परंतु त्यामागचे पीक दर शंभर कोसांवर बदलते.

बटाट्याची गंमत याहून अधिक. कॅरिबियन बेटांवरच्या भाषेत बटाटा हे रताळ्याचे नाव होते. पोर्तुगिजांनी ते उचलले आणि पश्चिम किनाऱ्यावर ते बटाट्याला चिकटले. त्यामुळे मराठीत रताळ्याला जुन्या वेलकंदाचे नाव आहे आणि बटाट्याला रताळ्याचे. मराठवाड्यात मात्र बटाटा या शब्दाला आलू हा प्रतिस्पर्धी आहे. पुस्तकात, शाळेत आणि आता टीव्हीवर बटाटा. मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, आणि घरोघरी आलू. आलूची भाजी हा शब्दप्रयोग दखनीच्या वळणाचा असला, तरी मूळ शब्द संस्कृत आलु हाच, म्हणजे खाण्याजोगा कंद. मराठीतला अळू त्याच शब्दाच्या दुसऱ्या फांदीवर आहे. एकाच शब्दाची दोन रूपे, एक प्राकृतातून थेट मराठीत आलेले आणि दुसरे हिंदी-उर्दूच्या वाटेने फिरून आलेले, आज एकाच स्वयंपाकघरात दोन वेगळ्या भाज्यांना लावली जातात. आले आणि अद्रक यांचीही हीच कथा. दोन्ही आर्द्रक या शब्दापासून निघालेली. पुण्याकडे आले म्हणतात, नांदेडकडे अद्रक. कन्नडमधला अल्ल आणि तेलुगूतला अल्लम हे शब्द मराठी आल्याच्या जवळचे आहेत, उर्दू अद्रकाच्या नव्हे.

बटाट्याला रताळ्याचे नाव देणारी मराठी एकटी नाही. हौसा ही उत्तर नायजेरिया आणि नायजर इथली मोठी भाषा. तिच्यात रताळ्याला दनकली म्हणतात आणि बटाट्याला ‘दनकलिन तुरावा’, म्हणजे गोऱ्यांचे रताळे. पोर्तुगिजांनी नकळत जे केले ते हौसा बोलणाऱ्यांनी उघडपणे सांगून केले. कसावाचा प्रवासही पश्चिम आफ्रिका आणि भारत या दोन टोकांना जोडतो. दक्षिण अमेरिकेतले हे झुडूप पोर्तुगिजांमार्फत पश्चिम आफ्रिकेत गेले. तिथे ते हौसात रोगो झाले आणि कोट्यवधी लोकांचे रोजचे अन्न बनले. केरळातही ते पोर्तुगिजांमुळेच पोहोचले. नांदेड-लातूरच्या रानात कसावा पिकत नाही, आणि बहुतेकांनी त्याचे झाड पाहिलेले नसते. पण एकादशीला त्याच्याशिवाय भागत नाही, कारण साबुदाणा कसावाच्या मुळाच्या पिठापासूनच होतो. साबु हा शब्द मलाय सागूचा, आणि सागू म्हणजे ताडासारख्या एका झाडाच्या खोडातला पिठूळ गर. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून येणारा सागू अडला, तेव्हा तमिळनाडूतील सेलम भागात कसावाच्या स्टार्चपासून दाणे पाडण्याचा धंदा उभा राहिला. झाड बदलले, नाव तेच राहिले, आणि परदेशी मुळाचे हे दाणे उपवासाच्या सोवळ्यात जाऊन बसले. मराठवाड्यात पेरल्या जाणाऱ्या हळदीच्या एका मोठ्या वाणाचे नावही सेलमच आहे. एका गावाने इथल्या देवघराला उपवासाचा दाणा दिला आणि शेताला बेणे.

हळद हा या शब्दसंपदेचा सर्वांत समृद्ध भाग. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर परिसर, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमत आणि गोदावरी ओलांडून तेलंगणातले निजामाबाद हा हळदीचा सलग पट्टा आहे. वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जानेवारी 2025 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हळद मंडळाचे मुख्यालय निजामाबादला आहे. हिंगोली आणि नांदेड येथील हळदीचे सौदे सगळ्या मराठवाड्याचा भाव ठरवतात. जिथे पीक पैशाचे, तिथे त्याच्या प्रत्येक अवयवाला नाव असते.

लावणीसाठी ठेवलेले बेणे रुजले, की त्याच्या बुडाशी मुख्य गड्डा तयार होतो. तो जेठा गड्डा. जेठा म्हणजे थोरला. कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत त्यालाच मातृकंद म्हटलेले असते. जेठ्याच्या कुशीतून निघणारे ते बगल गड्डे, आणि त्यांना फुटणारी लांबट बोटे म्हणजे हळकुंडे. लावलेले जुने बेणे पीक निघेपर्यंत जमिनीत सुरकुतून राहते. त्याला सोरा गड्डा म्हणतात. जेठा हा संस्कृत ज्येष्ठापासून आला, बगल फारसीतून, गड्डा दख्खनच्या द्रविड शेजाराचा. एका रोपाच्या बुडाशी तीन भाषांचा संसार सुखाने चालतो. घराण्याची ही भाषा केवळ हौसेची नाही. लावणीला जेठे गड्डे उत्तम मानतात, बगल गड्डे त्याखालोखाल. म्हणून काढणीनंतर वेगवेगळे ढीग घातले जातात, आणि प्रत्येक ढिगाला नाव लागतेच.

हळद मे-जूनमध्ये लावतात आणि सुमारे नऊ महिन्यांनी काढतात. आधी पाला कापतात, मग कंद खणून त्यांची मोडणी करतात, म्हणजे घड फोडून गड्डे आणि हळकुंडे सुटी करतात. पुढची पायरी शिजवणीची. पूर्वी ती मोठ्या कढईत पाला झाकून होत असे. आता वाफेवर चालणारा बॉयलर ट्रॅक्टरमागे जोडून शेतातच येतो, आणि हा इंग्रजी शब्द बेण्याइतकाच घरचा झाला आहे. शिजलेली हळद उन्हात पंधरवडाभर वाळते, त्यानंतर ड्रममध्ये फिरवून तिला पॉलिश करतात. साधारण पाच किलो ओल्या हळदीची एक किलो वाळलेली होते. शेतातून मोंढ्यात जाताना नावेही बदलतात. शेतकऱ्याचे हळकुंड व्यापाऱ्याकडे कांडी होते आणि गोल गड्डे गट्टू होतात. कांडीला भाव जास्त, गट्टूला कमी. ज्याला हे दोन शब्द माहीत नाहीत, त्याला वर्तमानपत्रातले बाजारभाव वाचूनही अर्धेच कळते.

हळदीचा शब्द शेताबाहेर जितका गेला, तितका दुसऱ्या कोणत्याही कंदाचा गेलेला नाही. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत उधळतात तो भंडारा हळदीचाच. लग्नात हळद लागते, संक्रांतीला हळदीकुंकू होते, आणि कुंकूदेखील हळदीपासून बनते. थोड्या मिळकतीवर मिजास करणाऱ्याला अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाल्याचे ऐकवतात. घाईने फळ मागणाऱ्याला पी हळद आणि हो गोरी असे सुनावतात. इतर कंदांच्या वाट्याला म्हणी आल्या, पण त्यांत मान कमी. कांदा नाकाने सोलायला लागतो. गाजराची पुंगी वाजली तर वाजते, नाही तर मोडून खातात. संत सावता माळ्यांनी कांदा, मुळा, लसूण यांना थेट विठ्ठलाच्या रांगेत बसवले, तो अपवाद.

भुईमूग मुळांत मोडत नाही, पण बोलीत तो याच घरचा. मराठीने या अमेरिकी पिकाला भुईतला मूग म्हटले, आणि तेलुगूने वेरुशनग, म्हणजे मुळाशी लागणारा हरभरा. दोन शेजाऱ्यांनी आपापल्या ओळखीचे कडधान्य पुढे केले. उत्तर कर्नाटकाने मात्र मराठी शेंगा हा शब्दच उचलला आणि शेंगदाण्याला तिकडे शेंगा म्हणू लागले. देवाणघेवाण एकाच दिशेने झाली नाही, याचा हा पुरावा. फूल गळल्यावर देठाजवळून दोऱ्यासारखी जी टोके जमिनीकडे वळतात, त्यांना आऱ्या म्हणतात. आऱ्या सुटल्या की पिकावरून रिकामे पिंप फिरवतात, म्हणजे त्या मातीत शिरतात. वेल उपटून शेंगा तोडल्यानंतर रानात राहिलेल्या शेंगा वेचणे म्हणजे सरवा वेचणे. पूर्वी सरव्यावर गरीब घरांचा हक्क मानला जाई. आरी आणि सरवा या दोन शब्दांच्या मागे पिकाचे शरीरशास्त्र आणि गावचे अर्थकारण उभे आहे, तरी पुस्तकी मराठीत ते क्वचितच भेटतात.

कांद्याचेही तसेच. पात, डेंगळे, जोड कांदा, चाळ हे शब्द शेतकरी रोज वापरतो. त्यांपैकी पात तेवढी शहराच्या भाजीबाजारात पोहोचली. मुळ्याच्या शेंगा म्हणजे डिंगऱ्या. त्या आठवडी बाजारात वाट्यावर मिळतात. धान्य मापाने, हळद क्विंटलने, आणि किरकोळ कंद-भाज्या वाट्याने विकायची रीत तराजू स्वस्त झाला तरी खेड्याच्या बाजारात टिकून आहे.

स्वयंपाकघरात कंदाचे नाव तो ओला की वाळलेला यावरही ठरते. ओले ते अद्रक, वाळली की सुंठ; ओली हळद लोणच्याला, वाळलेले हळकुंड कुटायला. रताळी महाशिवरात्रीला आणि एकादशीला येतात : उकडून, कीस करून, किंवा काप तुपावर परतून गुळात घोळून. कांदा-लसूण चातुर्मासात अनेक घरांत बंद होतो, म्हणून आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून भजी, थालीपीठ असे कांद्याचे सारे पदार्थ एकदाच खाऊन घेतात. ज्या कंदाचा निरोप घ्यायला स्वतंत्र तिथी लागते, त्याचे ताटातले वजन वेगळे सांगायला नको.

लातूर जिल्हा तुरीचा आणि सोयाबीनचा. हळदीसारखे कंदपीक तिथे मुख्य नाही, आणि त्या अंगाने शब्दही कमी. 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली तिथली नावे पाहिली तरी ते दिसते : पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ, कास्तीची कोथिंबीर. पण लातूरने खाद्यशब्दांचे दुसरे भांडार सांभाळले आहे, आणि ते एका सणाभोवती आहे. मार्गशीर्ष अमावास्येला, वेळ अमावास्येला, शहरे ओस पडतात आणि माणसे शेतात जातात. बोलीत या सणाला येळवस म्हणतात. सीमेपलीकडे कन्नडमध्ये तीच येळ्ळ अमावास्ये, म्हणजे तिळाची अमावास्या. कडब्याची कोप करतात, पाच दगड मांडून पांडव पुजतात, आणि रानात फिरून आंबील शिंपडतात. ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची ही आंबील ज्या मडक्यात असते ती बिंदगी. कन्नड बिंदिगे म्हणजे घागर. आंबील कन्नड आणि तेलुगूतही अंबलीच. बाजरीच्या उंड्यांतला उंडा कन्नड उंडेचा भाऊ. सणाचा मुख्य पदार्थ भज्जी. पुण्या-मुंबईच्या वाचकाने इथे सावध राहावे, कारण ही तळलेली भजी नव्हेत. ओले हरभरे, तुरीचे दाणे, वाटाणे, गाजर, कांद्याची पात आणि हाताला लागतील त्या पालेभाज्या बेसन लावून शिजवलेली ती दाट भाजी असते, आणि बीदर-कलबुर्गीकडेही तिला भज्जीच म्हणतात. जमिनीखालचे आणि जमिनीवरचे पीक एका भांड्यात आणणारा हा पदार्थ प्रमाण मराठीत दुसऱ्या नावाने नाहीच.

रोजच्या जेवणातही हा शेजार दिसतो. चुरमुऱ्यांच्या ज्या फोडणीच्या पदार्थाला नांदेड-लातूरला सुशीला म्हणतात, त्याला उत्तर कर्नाटकात सुसला म्हणतात. बाईच्या नावाचा आणि त्याचा काही संबंध नाही. पिठल्याला बेसन, भाकरीला भाकर आणि तोंडी लावण्याला कोरड्यास म्हणण्याची पद्धत मराठवाड्याची ओळख होऊन बसली आहे. भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाला येसर म्हणतात, आणि त्याची आमटी पाहुण्यापुढे हमखास येते.

किनवट-माहूरच्या जंगलातले रानकंद हा या विषयाचा सर्वांत कमी नोंदला गेलेला भाग. कडू वेलकंद चिरून, वारंवार उकळून आणि वाहत्या पाण्यात ठेवून खाण्याजोगे करण्याचे ज्ञान गोंड, कोलाम आणि आंध घरांत पिढ्यान्‌पिढ्या आले. कोलामी भाषेचे व्याकरण अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी 1955 मध्ये प्रसिद्ध केले, पण या भाषांतली कंदांची नावे मराठी वाचकापर्यंत आलेली नाहीत. जंगल आटले, रेशनचा तांदूळ आला, आणि कंद खणणारी पिढी म्हातारी झाली. इथे शब्द आणि कृती एकदमच जातात.

मराठीचे मोठे कोश या भागापासून दूर घडले. मोल्सवर्थचा कोश 1831 मध्ये मुंबईत निघाला, तेव्हा हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात पुण्यातून प्रसिद्ध झाला, तेव्हाही राजवट निजामाचीच होती, आणि कारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. अलीकडे भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड आला, आणि डेक्कन कॉलेजने बोलींचे सर्वेक्षण केले. त्यामुळे बोलींकडे पाहण्याची दृष्टी बदलली. परंतु कोशकार पिकाचे नाव टिपतो आणि तिथेच थांबतो. जेठा, सोरा, गट्टू, आरी, सरवा, बिंदगी यांसारखे अवयवांचे, कामाचे आणि भांड्यांचे शब्द खरी शब्दसंपदा आहेत, कारण त्यांपैकी बहुतेकांना बोलीत पर्यायी शब्द नाहीत. रताळ्याला शकरकंद म्हटले तरी अर्थ कळतो. सोरा गड्ड्याला दुसरे काही म्हणता येत नाही.

म्हणून नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि या भागातल्या महाविद्यालयांचे मराठी विभाग यांनी हे काम विभागून घ्यावे. शब्द टिपताना त्यासोबत गाव, तालुका, सांगणाऱ्याची घरची भाषा आणि पिकाचे शास्त्रीय नाव यांची नोंद असावी. नाही तर रताळू आणि कंदगड्डा यांचा झाला तसाच घोळ पुढेही होईल. सुरुवात हळदीच्या काढणीच्या दिवसांत, जानेवारी ते मार्च या काळात, अर्धापूर-वसमतच्या शेतांतून करावी. मोडणी आणि शिजवणी चालू असते, ढीग समोर असतात, आणि प्रत्येक ढिगाचे नाव सांगायला माणसे हजर असतात.